केज जोडलाय, पण कशाला? ट्रॅक डे भरवणाऱ्या मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि तांत्रिक समितीचे सभासद,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

पुढच्या ट्रॅक डेसाठीची, म्हणजे सभासदांनी आपापल्या गाड्या बंद आवारातल्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठीची, तुमची नवी नियमावली गेल्या आठवड्यात हातात पडली. ‘पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी सक्तीची सुरक्षा साधने’ असा मथळा आणि खाली चार ओळी: रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा), चार पॉइंटचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून बांधायचे पट्टे), आयएसआय हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर. चारातलं एक जरी नसेल तर गेटवरूनच परत. पंधरा वर्षांच्या आतल्या गाड्यांना फक्त हेल्मेट पुरे.

सचिवांना दोनदा फोन केला, एकदा कॉलेज रोडला भेटलोही. ‘काका, सेफ्टीत तडजोड नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. ते वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. पण ही यादी पाळून जी गाडी तयार होईल ती आजच्यापेक्षा जास्त धोक्याची असेल, आणि तिच्यात बसणाऱ्यांत माझी मुलगी आहे. म्हणून चार लोकांत लिहितोय.

माझी ओळख तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आहे. अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. पाइप, पत्रा, वेल्डिंग यावरच घर चाललं. गाडी १९९७ ची मारुती झेन, कार्ब्युरेटरवाली, पहिल्यापासून माझ्याच नावावर, एमएच-१५. पहिल्या बॅचला मुलगी चालवते, दुसऱ्या बॅचला मी, आणि दोघांच्या वेळांतला फरक किती हे इथे लिहिणार नाही. नाशिकच्या परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र झाली तेव्हा वळणावर उभं राहून धूळ खाल्लेली माणसं आपण. खरं सर्किट बघायचं तर इथून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जा, कोइम्बतूरला जा, नाहीतर ग्रेटर नोएडाला. तुम्ही सिन्नरच्या बाजूला खासगी आवारातला डांबरी वळसा मिळवलात, पदरचे पैसे घातलेत, याची मला जाणीव आहे. तो बंद पडावा असं मला अजिबात वाटत नाही.

आता केजबद्दल.

गेल्या ट्रॅक डेला केज सक्तीचा नव्हता, ‘असेल तर उत्तम’ असं तुम्ही कळवलं होतं. सिडकोतल्या माझ्या एका मित्राने ते मनावर घेतलं आणि त्याच्या मारुती ८०० ला केज बसवून घेतला. काळा रंग, वर लाल फोम गुंडाळलेला. लांबून बघितलं की छाती फुगावी असा. मी जवळ जाऊन पान्याने पाइपवर टिचकी मारली, तर आवाज आला बालवाडीतल्या बाकासारखा. मागच्या आडव्या पाइपचं एक तोंड उघडंच होतं. खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर असतोच, लावला. जाडी १.२ एमएम. सव्वा इंची, अठरा गेज, शिवण असलेला फर्निचरचा पाइप. बनवणारा खिडक्यांच्या ग्रिल करतो, आणि ग्रिल तो खरंच छान करतो.

मग टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो. पाइप थेट फ्लोअरच्या पत्र्याला टाचलेला होता. मध्ये प्लेट नाही, बोल्ट नाही. तो पत्रा मुळात एक एमएमच्याही आतला, वर पंचवीस वर्षांचा गंज. वेल्डिंगच्या कडेला दोन ठिकाणी भोक पडून परत भरल्याचं दिसत होतं. गाडी उलटली तर हा पाइप छत धरून ठेवणार नाही, पुठ्ठ्यातून खिळा जावा तसा खालच्या पत्र्यातून बाहेर जाईल.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे एफआयएच्या नियमात याचे आकडे स्पष्ट आहेत. चालवणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य कमानीला बिनशिवणीचा, थंड ओढकामाचा कार्बन स्टीलचा पाइप, ४५ एमएम व्यासाला २.५ एमएम जाडी, किंवा ५० ला २. ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस एमएम. मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ एमएमची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, तीन बोल्ट, ते एम-८ आणि ८.८ ग्रेडचे. बारा सेंटिमीटर लांब, दहा रुंद एवढीशी प्लेट. टूलरूममध्ये असे दहा तुकडे दुपारच्या चहाच्या आधी निघतात. पण ती प्लेट नसेल तर वरचा सगळा केज शोभेचा.

तुमच्या तपासनीसांनी त्या दिवशी काय केलं? खिडकीतून आत बघितलं, फॉर्मवर ‘केज: आहे’ यासमोर टिक केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. मी त्यांना दोष देत नाही. फॉर्ममध्ये तेवढंच विचारलं होतं.

आणखी एक. तो मित्र ट्रॅक डे संपल्यावर तीच गाडी चालवत सिडकोला घरी जातो, बायको शेजारी, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट नाही. त्याच्या कानशिलापासून पाइप चार बोटांवर आहे. तो लाल फोम म्हणजे एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो, अंगठ्याने दाबला की खालचं लोखंड लागतं. केजवर लावायचं पॅडिंग वेगळं असतं, कडक असतं, त्याचं स्वतंत्र मानक आहे. नाशिकच्या द्वारका सिग्नलला मागून कुणी हलकं ठोकलं तरी याचं डोकं त्या पाइपवर आपटणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. पेठ रोडच्या आरटीओत फेरनोंदणीला ही गाडी नेली तर तो काय उत्तर देणार, हे तुमच्यापैकी कुणी विचारात घेतलंय का? की ‘मंडळाने सांगितलं होतं’ म्हणायचं?

हार्नेसचं प्रकरण मला याहून गंभीर वाटतं, कारण केज महाग म्हणून थोडेच लोक करतील, पण हार्नेस दोन-अडीच हजारात मिळतो आणि तो सगळेच लावतील.

मीही आणला होता, लपवत नाही. लाल रंगाचा, चार पट्ट्यांचा, मधे गोल कडी. लेबलवर मानकाचा नंबर छापलेला, पण तारीख नाही. खऱ्या हार्नेसच्या पट्ट्यावर लेबल शिवलेलं असतं आणि कोणत्या वर्षानंतर तो वापरायचा नाही हे त्यावर लिहिलेलं असतं, कारण पट्ट्याचा धागा उन्हाने आणि ताणाने थकतो. माझं लेबल चिकटवलेलं होतं, नखाने निघालं. दुकानदार म्हणाला, सीटच्या मागे लगेच फ्लोअरला भोक पाडा, मोठा वायसर टाका, झालं.

भोक पाडायच्या आधी मुलीला सीटवर बसवलं, खांद्यावरून सुतळी धरून दुकानदाराने सांगितलेल्या जागेपर्यंत ताणली आणि कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला. आडव्या रेषेशी कोन पासष्टच्या वर. एफआयएचा नियम सांगतो की खांद्याचे पट्टे मागे जाताना ४५ अंशांपेक्षा जास्त उतरते नकोत, शक्यतो १० च्या आतच ठेवा. का, ते कळायला इंजिनिअर लागत नाही. समोर धडक बसली की अंग पुढे जातं आणि पट्टा ते अडवतो. पट्टा मागे सरळ जात असेल तर अंग मागे ओढलं जातं. पट्टा खाली जात असेल तर खांदे खाली दाबले जातात आणि सगळा भार पाठीच्या मणक्यावर येतो. हमालाच्या पाठीवर वरून पोतं टाकावं तसा, फक्त पोतं किती जड हे गाडीचा वेग ठरवतो.

दुसरी अडचण कमरेची. चार पॉइंटच्या हार्नेसला मांड्यांमधला पट्टा नसतो. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर सरकतो, ओटीपोटावर येतो, आणि माणूस त्याच्याखालून घसरतो. म्हणून शर्यतीच्या गाडीत पाच-सहा पॉइंटचे हार्नेस असतात आणि त्यासाठी सीटला खाली भोक असलेली बकेट सीट लागते. झेनच्या मूळ सीटला ते भोक कुठून आणायचं? ब्लेडने?

आणि तिसरी, जी मला स्वतःला उशिरा उमगली. साध्या तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये गाडी उलटून छत दबलं तर माणूस बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ बांधलेला असतो, छत खाली येतं आणि डोकं जागचं हलत नाही. म्हणून हार्नेस लावायचा तर छत धरणारा केज हवा. केज असेल तर हेल्मेट हवं. हार्नेसने खांदे आवळले की मान तेवढी मोकळी राहते, हेल्मेटचं वजन तिला पुढे ओढतं, म्हणून हान्स हवं, म्हणजे हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली, डोकं पुढे झटकू न देणारी खांद्यावरची कॉलर. हे हान्स अमेरिकेत रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकाने आणि त्याचा मेहुणा जिम डाउनिंग याने १९८० च्या दशकात बनवलं. लोकांनी ते बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकेतला नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला, त्यानंतर ते सगळीकडे लागू झालं; फॉर्म्युला वनने २००३ मध्ये सक्ती केली.

मला म्हणायचंय ते एवढंच: ही सगळी साधनं म्हणजे एक संच आहे. कंपनीने दिलेली सीट, तीन पॉइंटचा बेल्ट आणि मोकळं छत हाही एक संच आहे, जुना असेल, पण एकमेकांशी जुळणारा. तुमची यादी दोन्ही संचांतले दोन-दोन नग उचलते. मी तो हार्नेस परत केला, अडीचशे रुपये कापून घेतले त्याने. झेनला नवे तीन पॉइंटचे बेल्ट घातले, मूळच्या जागी, मूळच्या बोल्टवर. तुमच्या नियमाने आता माझी गाडी असुरक्षित ठरते.

जुनी गाडी नव्यापेक्षा कमी सुरक्षित असते हे मी नाकारत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दाराच्या आत आडवी पट्टी नाही. पुढच्या सीटचे बेल्टच आपल्याकडे १९९४ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या कितीतरी गाड्या बिनबेल्टच्या आहेत. पण ट्रॅकवर जुनी गाडी ज्या कारणांनी घात करते त्यातलं एकही तुमच्या चार ओळींत नाही. ब्रेक नाहीत, टायर नाहीत, पेट्रोल पाइप नाहीत.

मागच्या ट्रॅक डेला मुलगी सहाव्या फेरीला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी, आत आली. ‘बाबा, वास येतोय.’ बॉनेट उघडलं. पेट्रोलचा रबरी पाइप क्लिपच्या मागे बोटभर अंतरावर ओला होता. वरून बघितलं तर काळा, धडधाकट. वाकवला तेव्हा त्याच्या पाठीवर चिरा उघडल्या, उन्हात वाळलेल्या मळ्याच्या मातीसारख्या, आणि एका चिरेतून थेंब आला. खाली तापलेलं इंजिन. तो थेंब मी रुमालाने टिपला आणि नंतर पाच मिनिटं तिथेच बसून राहिलो.

चूक माझी होती. बारा वर्षांत तो पाइप बदलला नव्हता. पण कारण फक्त वय नाही. २०२३ पासून पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने ते आधी फुगतं, मग कडक होतं. जुन्या गाडीत पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरचं पॅकिंग, पंपाचा पडदा हे सगळं आता संशयित धरायला हवं. इथेनॉलला टिकणारे, आतून फ्लोरोरबरचं अस्तर असलेले पाइप मिळतात, ‘जे-३० आर-९’ असं अंगावर छापलेलं असतं. गाडीभर पाइप घालायला जो खर्च येतो त्यात तुमच्या केजचा एक कोपराही होणार नाही. तुमच्या स्क्रुटिनीत, म्हणजे गाडी ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, बॉनेट उघडायचा रकानाच नाही.

ब्रेकचं तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट-३ दर्जाचं ऑइल साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. रस्त्यावर हा फरक कळत नाही. ट्रॅकवर चौथ्या फेरीला पेडल स्पंजासारखं होतं आणि पाचव्या फेरीला थेट फ्लोअरला टेकतं. मागल्या वेळी एक पद्मिनी सरळ गवतात गेली ती यानेच. सगळे टाळ्या वाजवत हसले. मीही हसलो. गवताच्या पुढे तीस फुटांवर विजेचा खांब होता.

टायरवर चार आकडे असतात, ‘२३१५’ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत आणि टायर दहा वर्षांचा, अशा दोन गाड्या मला त्या दिवशी दिसल्या. आठवड्यातून एकदा मंदिरापर्यंत जाणाऱ्या जुन्या गाड्यांचं हेच होतं, टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो.

आता पंधरा वर्षांची रेघ. ती नोंदणीच्या मुदतीवरून उचललीत हे उघड आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून सुरक्षेचीही तीच रेघ? माझी झेन साडेसातशे किलोच्या आसपास, सरळ रस्त्याच्या टोकाला शंभराला कशीबशी पोचते. तुमच्याच समितीतल्या एकाची टर्बोवाली गाडी अकराशे किलोची आणि तिथेच एकशे चाळीसला असते. वेग शंभरावरून एकशे चाळीसवर गेला की धडकेची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, वजन धरलं तर पावणेतीन पटीच्या वर. तिला फक्त हेल्मेट, मला केज. शिवाय दोघं एकाच बॅचमध्ये. जुन्या गाडीला सगळ्यात मोठा धोका तिच्या मागून येणाऱ्या नव्या गाडीचा आहे, आणि त्याबद्दल नियमावलीत अक्षर नाही.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. आयएसआय हेल्मेट म्हणजे दुचाकीचं. नियमात ‘फुल फेस’ हा शब्दही नाही, त्यामुळे अर्ध्या टोपीवाले आले तरी ते पास. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या दर्जांत ‘एम’ दुचाकीसाठी आणि ‘एसए’ गाडीसाठी असतं. एसएचं अस्तर आगीला टिकतं आणि ते केजच्या पाइपवर आपटण्याच्या हिशेबाने तपासलेलं असतं. प्रत्येकाने ते परदेशातून मागवावं असं मी म्हणत नाही. निदान फुल फेस एवढं तरी लिहा.

आणि ती जर्सी. प्रवेश फीमध्ये मंडळाची जर्सी देता, फोटोसाठी ती घालूनच गाडीत बसायला लावता. शंभर टक्के पॉलिस्टर आहे, कॉलरच्या आत लेबल बघा. पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं. शर्यतीचे सूट ज्या नोमेक्सचे असतात ते वितळत नाही, जळून कडक होतं. नोमेक्स परवडत नाही, मान्य. मग पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जीन्स आणि बंद बूट, बास. जर्सी बक्षीस समारंभाला घालू.

सिलिंडर गाडीत हवा म्हणता, पण कुठे आणि कसा ते नाही. बहुतेकांनी दोन किलोचा सिलिंडर सीटखाली सरकवला होता. जोरात ब्रेक मारला आणि तो घरंगळत पेडलखाली आला तर? तो लोखंडी पट्ट्याने, दोन बोल्टने, बसल्या जागी हात पोचेल असा बांधलेला पाहिजे. आणि तुमच्या स्वतःच्या सिलिंडरबद्दल सांगू का? त्या थेंबानंतर मी पिटमधला सिलिंडर आणायला धावलो होतो. काटा लाल पट्टीत. पिन निघू नये म्हणून तिला कुणीतरी केबल टाय बांधलेला, चाकूशिवाय सुटणार नाही असा. तेव्हा आग लागलेली नव्हती म्हणून मी हे पत्र विनोद करत लिहू शकतोय.

म्हणजे चालवणाऱ्याने काय आणायचं याची यादी आहे, भरवणाऱ्याने काय ठेवायचं याची नाही. खांबाला एक टायर हारासारखा अडकवलेला. वळणावरचे टायर नुसते रचलेले. एकमेकांना बोल्टने जोडले नसतील तर ते धडक घेत नाहीत, उडतात. झेंडे घेऊन उभी मुलं कॉलेजची, उत्साही, पण दोघांच्या पायात चपला होत्या आणि पिवळा केव्हा, लाल केव्हा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मागून वेगवान गाडी येतेय हे सांगणारा निळा तर पेटीतच राहिला. ॲम्ब्युलन्स नव्हती. ‘गरज पडली तर १०८ ला फोन करू,’ म्हणालात. १०८ ची सेवा चांगलीच आहे, पण ती सगळ्या जिल्ह्याची आहे, आणि सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले असताना ती किती वेळात येईल याच्यावर मी पोरीचा जीव लावणार नाही.

२९ जुलै १९७३ ला हॉलंडमध्ये झांडव्हूर्टच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा ड्रायव्हर स्वतःची गाडी थांबवून धावला, एकटाच ती गाडी सुलटी करायला झटत राहिला, हाताला आला तो सिलिंडर संपेपर्यंत फवारला. मार्शल, म्हणजे झेंडे आणि मदतीसाठी ट्रॅकच्या कडेला नेमलेली माणसं, जवळच उभे होते. त्यांच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते, त्यांना पुढे जाता येईना. विल्यमसन तिथेच गेला. त्याने घालायचं ते सगळं घातलेलं होतं.

विम्याचंही सांगून टाकतो. आपल्या गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, कागद काढून ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. तुमच्या फॉर्ममध्ये ‘सर्व जबाबदारी माझी’ यावर सही घेता, पण हे सांगत नाही. विशीतल्या पोरांना वाटतं कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना, मग झालं.

आता मागण्या. जास्त नाहीत.

केज आणि हार्नेसची सरसकट सक्ती मागे घ्या आणि दोन गट करा. साध्या गटात मूळ सीट, चांगल्या स्थितीतले मूळ जागचे तीन पॉइंट बेल्ट, फुल फेस हेल्मेट, सुती कपडे. सरळ रस्त्यावर ट्रॅफिकचे शंकू लावून वेग कमी केलेला. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात आणि पुढच्याने हात दाखवला तरच. पूर्ण गटात केज, बकेट सीट, सहा पॉइंटचा हार्नेस, एसए हेल्मेट, हान्स, सूट, बाहेरून बंद होणारा बॅटरी स्विच, सगळं एकत्र आणि मापात. त्यातलं एक कमी असेल तर त्या गटात नाही. ती गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर येईल. कोण कोणत्या गटात हे गाडीच्या वयावर ठरवू नका, वेगावर ठरवा.

ज्या गाडीला बेल्टच नाही ती, कितीही देखणी असली तरी, चकरा मारणार नाही. प्रदर्शनात उभी राहील. पद्मिनीवाले माझ्यावर चिडतील, चिडू देत.

स्क्रुटिनी बॉनेट उघडून आणि गाडीखाली वाकून करा. पेट्रोल पाइप, ब्रेक ऑइलची तारीख, टायरचे चार आकडे, सीटचे बोल्ट, बॅटरीची पट्टी, पुढचा-मागचा टोइंग हुक. एका गाडीला वीस मिनिटं लागतील. पंचवीस गाड्या आहेत, आदल्या दिवशी संध्याकाळी करू.

ऑक्सिजन आणि जाणकार माणूस असलेली ॲम्ब्युलन्स आवारात उभी असल्याशिवाय एकही गाडी सोडू नका. ती रुग्ण घेऊन गेली तर परत येईपर्यंत ट्रॅक बंद. प्रत्येक झेंड्याच्या जागी हिरव्यात काटा असलेला सिलिंडर आणि बेल्ट कापायचं कटर. मार्शल मुलांना एक दिवस प्रशिक्षण, बूट आणि सुती कपडे मंडळाच्या खर्चाने. खांब झाका, टायर बोल्टने जोडा. चालवणारे आणि मार्शल दोघांचाही अपघात विमा काढा. फी तीनशे-चारशेने वाढली तरी चालेल, जर्सी रद्द केलीत तर तेवढीही वाढणार नाही.

स्क्रुटिनीला माणसं नाहीत असं म्हणाल, म्हणून आधीच सांगतो. मी येतो, व्हर्नियर माझा. सातपूर-अंबडमधले वेल्डिंग आणि फिटिंगचे चार निवृत्त मित्र तयार आहेत, त्यांना दुपारचं जेवण द्या. मिसळ चालणार नाही, दोघांना ॲसिडिटी आहे.

समितीची बैठक रविवारी आहे असं कळलं. पाच मिनिटं द्या. झेनचे सगळे पेट्रोल पाइप मी बदललेत, पण तो जुना तुकडा फेकलेला नाही, डब्यात ठेवलाय. घेऊन येतो. टेबलावर ठेवीन, एकेकाने तो फक्त वाकवून बघायचा.

आपला,
अंबडचा झेनवाला सभासद